तिसरा वाईट, सोळावा थोर: ‘पिंकर्टन’ आणि श्रोत्यांची मतं



आधी दोन आकडे सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ नावाचं संगीताला वाहिलेलं एक नियतकालिक आहे. १९९६ साली त्याच्या वाचकांनी वर्षातले सर्वांत वाईट अल्बम निवडले. त्यात ‘वीझर’ या बँडचा ‘पिंकर्टन’ तिसरा आला. २००२ साली त्याच नियतकालिकाच्या वाचकांनी आजवरचे सर्वांत थोर अल्बम निवडले. त्यात ‘पिंकर्टन’ सोळावा आला. मधे सहा वर्षं गेली आणि अल्बममधला एक ठोकासुद्धा बदललेला नव्हता.

आता यावर तयार उत्तर असतं. आधी लोकांना कळलं नाही, मग कळलं. काळ हा खरा समीक्षक, वगैरे. मला हे उत्तर आळशी वाटतं. कारण मग पहिले श्रोते मूर्ख ठरतात आणि दुसरे शहाणे, आणि पुष्कळदा ती माणसंही तीच असतात. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही वेळेला लोकांना एकच गोष्ट ऐकू आली. १९९६ला तिला दोष म्हटलं, २००२ला गुण म्हटलं. आणि ती गोष्ट काय आहे, हे दोघांनीही नीट तपासलं नाही.

बँडची ओळख थोडक्यात करून देतो. वीझर लॉस एंजेलिसमधला, १९९२ साली सुरू झालेला. गाणी लिहिणारा आणि गाणारा रिव्हर्स क्युओमो. नव्वदच्या दशकात ज्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणत, त्या घराण्यातला. ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे पर्यायी. पण १९९१च्या निर्वाणाच्या, म्हणजे निर्वाणा बँडच्या, ‘नेव्हरमाइंड’नंतर हा पर्यायच हमरस्ता झाला. (‘नेव्हरमाइंड’ हाही दुसराच अल्बम होता हो, पण तो लोकांनी लगेच डोक्यावर घेतला.) वीझरचा पहिला अल्बम मे १९९४चा. निळ्या पाठीवर चार पोरं नुसती उभी, म्हणून त्याला ‘ब्लू अल्बम’ म्हणतात. निर्माता होता रिक ओकॅसेक, ‘द कार्स’ या जुन्या बँडचा कसलेला माणूस. गाणी घट्ट, चकचकीत, विनोदी. चष्मेवाल्या लाजऱ्या मुलाची गाणी. त्यातल्या ‘बडी हॉली’चा व्हिडिओ विंडोज ९५च्या सीडीमध्ये घातलेला होता. त्या काळात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासला जाऊन ती सीडी उघडली असेल, त्यांनी हा बँड पाहिलेला आहे. नाव माहीत नसेल, एवढंच.

म्हणजे पहिल्या अल्बमनं श्रोत्यांशी एक करार केला: आम्ही तुम्हाला हसवू, आणि हसता हसता थोडं गलबलवू. २४ सप्टेंबर १९९६ला दुसरा आला तेव्हा तो करार मोडला होता. मधल्या काळात क्युओमो हार्वर्डला शिकायला गेला होता. त्याचा एक पाय आखूड होता. तो लांब करण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, आणि काठी टेकत, वेदना सोसत तो एकटा हिंडत होता. आधी अंतराळातली एक संगीतकथा लिहायला घेतली होती, ती सोडून दिली. निर्माता नाकारला, स्वतःच ध्वनिमुद्रण केलं. तिघं गाणारे तीन मायक्रोफोनभोवती उभे राहून एकदम गायले. ड्रम अंगावर येतात, गिटार कर्कश शिट्ट्या घालते, आवाज फाटतो. दहा गाणी, साधारण चौतीस मिनिटं. पहिल्या गाण्यात गायक आपल्याकडे आलेल्या बायकांची नावं वारानुसार मोजतो आणि म्हणतो, कंटाळलो. शेवटच्यात एकटी गिटार, ‘बटरफ्लाय’ नावाचं गाणं, एका मेलेल्या फुलपाखराबद्दल माफीवजा काहीतरी.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत एकोणिसाव्या जागेपर्यंत चढला आणि उतरला. लोक काय म्हणाले? मुद्रण गबाळं आहे. शब्द पोरकट आहेत. आणि सगळ्यांत मोठी तक्रार: हे ऐकताना आपल्यालाच लाज वाटते. दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं. पुढे, अल्बम हातोहाती फिरून वाढत गेला तेव्हा लोक काय म्हणाले? मुद्रण कच्चं आहे, म्हणून खरं आहे. शब्द पोरवयातले आहेत, म्हणून निर्व्याज आहेत. आणि सगळ्यांत मोठी स्तुती: दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं वाटतं. पाहिलंत? वाक्य तेच. नुसतं कपाळावरची आठी गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधल्या सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांची गोष्ट आहे. दोघे दारूचे मोठे जाणकार. त्यांना एका पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक लोखंडी किल्ली सापडली, चामड्याची वादी बांधलेली. वर्गात ही गोष्ट आम्ही जाणकारांच्या कौतुकासाठी सांगत आलो. मला आज ती दुसऱ्या कारणासाठी हवी आहे. १९९६च्या श्रोत्यांना लोखंडाची चव लागली होती. त्यांना हसू नका. पिंपात किल्ली होती. फक्त ती मुद्रणाच्या कच्चेपणात नव्हती आणि शब्दांच्या पोरकटपणातही नव्हती. ती अल्बमच्या नावात होती.

त्या किल्लीकडे जाण्याआधी ‘प्रामाणिक’ या शब्दाचा हिशेब करू, कारण नंतरच्या सगळ्या स्तुतीचा भार त्या एका शब्दावर आहे. आपल्याकडेही तसंच असतं. कवितासंग्रहाचं मलपृष्ठ उघडा: ‘प्रामाणिक अनुभव’. अहो, अनुभव प्रामाणिक आहे हे तुम्हाला कळलं कसं? कवीच्या घरी जाऊन आलात का? (हशा)

बा. सी. मर्ढेकरांनी हा गुंता १९४१च्या ‘वाङ्मयीन महात्मते’त फार नेमका सोडवला होता. लेखनाच्या आधीची आत्मनिष्ठा वेगळी आणि ‘लेखनगर्भ आत्मनिष्ठा’ वेगळी. पहिली माणसाची, दुसरी कृतीची. माणूस मनापासून दुःखी असेल. म्हणून कविता दुःखाशी इमानी राहील असं नाही. आपल्याला तपासता येते ती दुसरीच, कारण समोर आहे ती कृती. मर्ढेकर स्वतः या परीक्षेतून गेले. पहिला संग्रह ‘शिशिरागम’, १९३९चा. त्यावर बालकवी-माधव ज्यूलियनांची छाया. कोणाला खुपण्यासारखं काही नाही. दुसरा १९४७चा, ‘काही कविता’. उंदीर, गिरणी, यंत्र, घाम, तुटके शब्द. वाचक हादरले. दुर्बोध म्हणाले, अश्लील म्हणाले. खटला झाला, आणि त्यातून ते सुटले. आज विद्यापीठात मराठी कवितेचा इतिहास त्या दुसऱ्या संग्रहापाशी वळण घेतो असं शिकवतात. मी मर्ढेकर आणि क्युओमो यांना एका तागडीत टाकत नाही. तसं केलं तर मराठीचे लोक मला गावात राहू देणार नाहीत. पण ऐकणाऱ्याची अडचण सारखी आहे. पहिल्या कृतीनं कान तयार केला, आणि दुसरीनं त्या कानाला विचारलंच नाही.

आता कच्च्या आवाजाबद्दल. आपण तुळजापूरचे शेजारी आहोत. गोंधळ रात्रभर चालतो, पहाटेला गोंधळ्याचा गळा बसलेला असतो, संबळ तापलेला असतो, तुणतुणं तेवढं टिकून असतं. त्या बसलेल्या गळ्याला कोणी नावं ठेवत नाही, कारण तो रात्रभर गाऊन बसलेला आहे. रात्र त्या आवाजात आहे. स्टुडिओत तसं नसतं. तिथे उद्या परत या म्हणता येतं. तिथला फाटका आवाज निवडून ठेवलेला असतो. म्हणून ‘कच्चं आहे म्हणजे खरं आहे’ हे अर्धवट विधान झालं. विचारायचं ते असं की हा कच्चेपणा गाण्यात काही काम करतो का? ‘पिंकर्टन’मध्ये मला वाटतं बहुतेक ठिकाणी करतो. गायकाला स्वतःवर ताबा नाही हे तो शब्दांत सांगतो, आणि वाद्यंही त्याला सांभाळून घेत नाहीत. ओकॅसेकनं हीच गाणी घासून पुसून दिली असती तर शब्द निव्वळ फुशारकी वाटले असते. इथे लेखनगर्भ आत्मनिष्ठा आहे, आणि १९९६चे श्रोते इथे चुकले.

आता किल्ली. पिंकर्टन कोण? पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातला अमेरिकन नौदल अधिकारी. नागासाकीत पंधरा वर्षांच्या चो-चो-सानशी लग्न करतो, निघून जातो, तीन वर्षांनी अमेरिकन बायको घेऊन येतो, मूल मागतो. ती स्वतःचा जीव घेते. क्युओमो तेव्हा हा ऑपेरा ऐकत होता. मुखपृष्ठावर हिरोशिगेचं बर्फातल्या कांबारा गावाचं चित्र आहे. (याच नावाच्या एका गुप्तहेर कंपनीनं नावावरून कोर्टात धाव घेतली होती, तीही टिकली नाही.) तर गायक म्हणतो, मी पिंकर्टन आहे. मोठी कबुली आहे ही.

पण पुच्चिनीनं आपल्या कृतीला नाव कोणाचं दिलं? तिचं. रंगमंचावर सगळा वेळ ती आहे. पिंकर्टन पहिल्या अंकानंतर शेवटापर्यंत जवळजवळ गायबच असतो, आणि आपण तिच्यासोबत वाट पाहतो. वीझरच्या अल्बममध्ये ती नाही. ‘अक्रॉस द सी’ हे गाणं घ्या. जपानमधल्या एका तरुण चाहतीचं पत्र आलं होतं, त्यावर ते उभं आहे. स्वररचनेत हे अल्बममधलं सर्वांत श्रीमंत गाणं, पियानोच्या छोट्या सुरुवातीपासून वर वर चढत जाणारं. यावर बहुतेक श्रोत्यांचं एकमत आहे आणि माझंही. पण त्यात ती मुलगी म्हणजे कागद, शाई आणि गायकाची कल्पना. तिनं विचारलेले साधे प्रश्न त्याच्या एकटेपणाचं इंधन होतात. १९९६च्या माणसाला ‘लाज वाटली’ ती इथली होती असं मला वाटतं. त्यानं तिचं खापर ढोलावर फोडलं. आणि २००२च्या माणसानं ‘किती प्रामाणिक!’ म्हणून ती गिळून टाकली. जणू दोष कबूल केला की तो अलंकार होतो.

अजून एक गोष्ट, फार कमी लोक जोडून पाहतात. ‘मादामा बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १९०४ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला, आणि श्रोत्यांनी तो हुर्यो करून पाडला. पुच्चिनीनं कृती मागे घेतली, बदलली, आणि मे महिन्यात ब्रेशा शहरात पुन्हा केली, ती गाजली. त्या बदलांत काय आलं? पिंकर्टनला एक पश्चात्तापाचं गाणं मिळालं. म्हणजे लोकांच्या नापसंतीनंतर त्या माणसाला माफी मागण्याची जागा मिळाली. क्युओमोनं ती जागा सुरुवातीपासूनच ठेवली आहे: शेवटचं ‘बटरफ्लाय’. बाकीची नऊ गाणी गोंगाटाची, आणि हे एकच असं की ज्यात गायकाला दुसऱ्याचं नुकसान दिसतं. मला विचाराल तर अल्बम उभा आहे तो या गाण्यावर. ते काढलं तर उरतो तो एक रडवा खलाशी.

पुच्चिनीनं लोकांचं ऐकलं आणि कृती सुधारली. मर्ढेकरांनी ऐकलं नाही. १९५१ला ‘आणखी काही कविता’ आल्या, त्याच वाटेवरच्या. क्युओमोचं तिसरंच झालं. त्यानं ऐकलं आणि पळाला. २००१ला तिसरा अल्बम आला: पुन्हा ओकॅसेक, पुन्हा एकरंगी पाठ, या वेळी हिरवी, पुन्हा चार पोरं उभी. स्वतःबद्दल जवळजवळ काहीच नाही. ‘पिंकर्टन’ ही सगळ्यांसमोर घडलेली भयंकर चूक होती असं तो तेव्हा जाहीरपणे म्हणाला. आणि हे तो म्हणत होता नेमकं तेव्हाच त्याचे श्रोते तिला सोळाव्या जागेकडे नेत होते! २००४ला ‘रोलिंग स्टोन’नंही नव्यानं परीक्षण करून पूर्ण पाच तारे दिले. पण मधल्या काळात त्या प्रकारचं लिहिणं थांबलं ते थांबलंच. पुढचे अल्बम पुष्कळ आहेत, काही चांगले आहेत. त्या खलाशाला समोरची बाई पुढे नीट दिसली असती का, हे पाहण्याची संधी गेली.

कांटनं ‘मला आवडलं’ आणि ‘हे सुंदर आहे’ यांत फरक केला, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून तो आपल्याकडे बहुतेकांनी शिकला. ‘सुंदर आहे’ म्हणणारा दुसऱ्याकडून सहमती मागत असतो, म्हणून त्यानं कृतीकडे बोट दाखवायला हवं. १९९६चे मतदार ‘वाईट आहे’ म्हणाले आणि बोट दाखवलं गायकाच्या वयाकडे. २००२चे ‘थोर आहे’ म्हणाले आणि बोट दाखवलं गायकाच्या जखमेकडे. गाण्याकडे बोट दाखवलं असतं तर दोघांनाही अडचण आली असती, कारण ‘अक्रॉस द सी’ एकाच वेळी त्यातलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत खुपणारं गाणं आहे, आणि मतपत्रिकेवर त्यासाठी रकाना नसतो.

२०१०च्या शेवटी बँडनं एक दौरा काढला. प्रत्येक शहरात दोन रात्री: एका रात्री पहिला अल्बम सबंध, दुसऱ्या रात्री ‘पिंकर्टन’ सबंध. त्या दुसऱ्या रात्रीचा शेवट अर्थातच ‘बटरफ्लाय’. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी क्रम मोडून ऐकू नये. चौतीस मिनिटं काढा. आणि जमलं तर त्याआधी पुच्चिनीचा दुसरा अंक ऐका, वाट पाहण्याचा. मग वीझर लावा आणि ती कुठे कुठे गप्प बसवली आहे ते ऐका. प्रश्न घेऊ या. मागे हात वर दिसतोय, हां, बोला.