बांबूची उपजीविका : नेमकी कोणाची?

बांबूवरच्या बहुतेक संशोधन-प्रस्तावांत मेंढा-लेखा येतंच. यायलाच हवं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, तरी वाहतूक परवाना गडचिरोलीतल्या या गावाच्या ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडला.

माझा आक्षेप त्यानंतरच्या वाक्याला आहे : बांबूला भाव मिळाला की ग्रामीण उपजीविका सुधारते. कोणाची? आमच्या एरंडोलकडचा बुरूड बांबू विकत नाही, विकत घेतो. भाव चढला की ग्रामसभेचं उत्पन्न वाढतं, आणि बुरुडाचा सुपा-टोपल्यांचा खर्चही. समोर प्लास्टिकचं घमेलं असताना तो किंमत वाढवणार किती? 2017 मध्ये वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला. त्याचाही पहिला फायदा जमीन असणाऱ्याला.

म्हणून प्रश्नावलीत 'बांबूवर अवलंबून कुटुंबं' असा एकच रकाना ठेवू नका. तोडणारे, लावणारे, विणणारे वेगळे मोजा. नाहीतर सरासरी वाढलेली दिसेल आणि विणणाऱ्याचा तोटा त्यात बुडून जाईल. विणणाऱ्याला 'उत्पन्न किती?' हे नंतर विचारा. आधी विचारा, बांबू कितीला पडतो?