रिकामीं घरें आणि ‘आक्रसतीं शहरें’

लोकसंख्या घटली म्हणून घरें ओस पडलीं, हा निष्कर्ष वरवर पाहतां स्वयंसिद्ध वाटतो. समाजवादी राजवट संपल्यानंतरच्या पूर्व जर्मनीविषयीं जें लेखन झालें, त्यांतील पुष्कळशा भागाचा पाया हाच आहे. फिलिप ओस्वाल्ट यांनीं संपादिलेला ‘आक्रसतीं शहरें’ हा दोन खंडांचा संग्रह (२००५ व २००६) या विषयावरील प्रमुख ग्रंथ होय; म्हणून त्याच्या अनुरोधानें या निष्कर्षाची छाननी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

डेट्रॉइट, मँचेस्टर-लिव्हरपूल, रशियांतील इवानोवो आणि हाले-लाइपत्सिग हीं चार क्षेत्रें शेजारीं ठेवून, ओहोटी ही शहरांच्या इतिहासांत वारंवार घडणारी गोष्ट आहे, हें या संग्रहानें दाखविलें. वाढ म्हणजेच प्रगति, या समजुतीस त्यानें धक्का दिला. हें श्रेय लहान नव्हे.

आमचा आक्षेप नांवापासून सुरू होतो. ‘आक्रसणें’ या क्रियेस कर्ता नाहीं. जुन्या महसुली कागदांत गांव ‘बेचिराख’ असा शेरा आढळला, तर संशोधक तेथेंच थांबत नाहीं. दुष्काळ, लष्कराची वाटचाल कीं वसुलीचा जाच, हें तो शोधतो. रिकाम्या घरालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

लाइपत्सिगचेंच उदाहरण घेऊं. १९८९ सालीं तेथील वस्ती सुमारें ५,३०,००० होती. १९९८ सालीं ती सुमारें ४,३७,००० वर आली. परंतु घरें ओस पडण्यास प्रारंभ त्यापूर्वींच झाला होता. १९७३ च्या सरकारी गृहयोजनेचा भर कारखान्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून उभारलेल्या नव्या वसाहतींवर होता; १९७६ पासून बांधलेली ग्रूनाऊ ही त्यांपैकींच एक. जुन्या पेठांची डागडुजी मात्र राहून गेली, आणि शहर भरलेलें असतांनाच तेथील घरें राहण्यास निरुपयोगी होत गेलीं. १९९० नंतर पूर्वींच्या मालकांस मिळकती परत देण्याच्या धोरणानें मालकीचे वाद उद्भवले व दुरुस्त्या रखडल्या. त्याच काळांत करसवलतींमुळें शहराच्या हद्दीबाहेर नवीं घरें उठलीं. माणसें कमी होत असतां घरें वाढत होतीं! २००० च्या सुमारास लाइपत्सिगमध्यें सुमारें ६०,००० घरें रिकामीं होतीं, तीं या सर्वांचें फळ होय. कारखाने बंद पडणें व पश्चिमेकडील स्थलांतर हीं कारणें खरींच. परंतु तीं एकटीं नव्हेत.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. २००० सालीं सरकारी आयोगानें पूर्व जर्मनींत सुमारें दहा लक्ष घरें रिकामीं असल्याचें सांगितलें, आणि २००२ च्या पुनर्रचना-कार्यक्रमानें सुमारें साडेतीन लक्ष घरें पाडण्याचें उद्दिष्ट ठेविलें. शिवाय जुन्या राजवटींतील हिशेबी कर्जें गृहसंस्थांच्या माथीं आलीं होतीं. ज्यांचीं शेंकडा १५ हून अधिक घरें रिकामीं, अशा अडचणींतील संस्थांस पाडलेल्या घरांपुरती कर्जमाफी मिळूं लागली. म्हणजे हातोड्यामागें जनगणनेइतकीच खतावणीही होती.

सर्व पाडकाम अनाठायीं होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. कोळसा-उद्योगाच्या कामगारांसाठीं वाढविलेल्या हॉयर्सवेर्डाची वस्ती १९८० च्या दशकांतील ७०,००० वरून पुढें निम्म्याहूनही खालीं गेली. तेथें दुसरा मार्ग सांगणें कठीण. परंतु लाइपत्सिगची वस्ती आज ६,००,००० हून अधिक असून तेथें घरांची चणचण भासते. १९९९-२००० मध्यें भोंवतालचीं गांवें हद्दींत घेतल्यानें आंकडा फुगला, हें जमेस धरूनही त्यानंतरची वाढ खरी आहे. एकाच शब्दानें दोन्ही शहरांचें निदान करणें किती धोक्याचें, हें यावरून दिसतें.

प्रस्तुत खंड संग्राह्य आहेत. मात्र त्यांचा तोल, आमच्या मतें, तुलनेकडे अधिक व दफ्तराकडे कमी आहे. करविषयक कायदे, मिळकतींचीं नोंदणीपुस्तकें आणि गृहसंस्थांचे जमाखर्च समोर ठेवून प्रत्येक शहराचा स्वतंत्र इतिहास लिहिला जाईल, तेव्हांच कोणतें घर काळानें ओस पाडलें व कोणतें माणसाच्या निर्णयानें, हें ठरवितां येईल. पाडलेली भिंत पुन्हां साक्ष देण्यास येत नाहीं.