सागाचा सुरू

आमच्या नगरच्या सावेडीत घरांचे खांब सिमेंटचे, चौकोनी. रंग लागला की भिंतीत विरून जाणारे. त्यामुळे असेल, पुण्यात गेलं की विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाशी पाय अडतातच. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा. बहुतेकांची नजर थेट वरच्या सज्ज्याकडे जाते. आधी खांब पाहावेत, आणि तेही तळापासून.

हे सुरूचे खांब. हा सुरू कोकणच्या किनाऱ्यावरचा नव्हे, इराणी बागांतला. नगरच्या फराहबागेतला निजामशाही जलमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या बागांची दख्खनला लागलेली ओढ वेगळी सांगायला नको. चित्रांतून आणि मोगल इमारतींतून हे झाड इथवर आलं आणि पेशवाईतल्या सुतारांनी ते सागवानात उभं केलं.

दगडी तळखड्यावर खांब टेकतो तिथे तो आवळलेला असतो. जरासं वर अंग भरतं आणि मग ते हळूहळू निमुळतं होत जातं. फांदी एकही कोरलेली नाही, तरी झाड ओळखू येतं, कारण सुताराने पानं नव्हे, झाडाची ठेवण उचलली आहे. सगळं अंग वर ओढून धरण्याची सुरूची जी सवय, ती त्या एका फुगवट्यात उतरली आहे. हा फुगवटा बोटभर वर-खाली झाला असता तर खांब बेढब दिसला असता.

लाकडाच्या शिरा उभ्या, खांबाची चढणही उभी. उभ्या रेषेत पटाशी शिरांच्या कलाने चालते. खांबावर कोरलेल्या पाकळीचं टोक वळवताना मात्र ती शिरा आडव्या कापते, आणि तिथेच ढलपी उडायची भीती. म्हणून नजर पाकळ्यांच्या टोकांवर ठेवावी. कारागिराचा हात तिथे कळतो.

खरा सुरू टोकाशी मिटतो. खांबाला तसं मिटून चालत नाही, त्याच्या डोक्यावर तुळई यायची असते. म्हणून निमुळतेपणा मध्येच थांबवून माथा पानांसारखा उमलवायचा. ही अडचणीतून निघालेली वाट, आणि मला तरी सगळ्या खांबात हीच जागा सर्वांत देखणी वाटते.

अशा वाड्यांत दोन खांबांमध्ये महिरप असते, आणि कितीतरी ठिकाणी केळफूल खाली लोंबतं. सुरू वर चढणारा, केळफूल खाली झुकणारं. दोन्हींची गाठ तुळईखाली पडते. गंमत अशी, की ही लाकडी महिरप भार पेलत नाही. भार तुळईवरून सरळ खांबात उतरतो. महिरप नुसती फळ्यांची, मधल्या मोकळ्या जागेत बसवलेली. खांबाची जाडी सुताराला वजनाच्या हिशेबाने राखावी लागली. महिरपीत मात्र त्याला हवं तेवढं कोरायची मुभा होती, आणि ती त्याने पुरेपूर घेतली.