संयमाविषयीची नमुना उत्तरे : इंग्रजी संभाषण-परीक्षेतील एका विषयाचे परीक्षण

१

परदेशी विद्यापीठातील प्रवेश, रुग्णालयातील परिचारिकेची जागा किंवा स्थलांतराची परवानगी मिळवू इच्छिणाऱ्या उपनगरी तरुणांच्या वाटेवर आज इंग्रजी बोलण्याची परीक्षा उभी असते. तिच्या तयारीसाठी चालणाऱ्या वर्गांच्या पाट्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा स्थानकांच्या परिसरात ठिकठिकाणी आढळतात. ह्या वर्गांच्या आश्रयाने ‘नमुना उत्तर’ नावाचा एक लेखनप्रकार रूढ झाला आहे. तो लिहिला जातो पाठ करण्यासाठी, आणि पाठ केला जातो तो ‘उत्स्फूर्तपणे’ म्हणून दाखवण्यासाठी. ह्या अंतर्विरोधामुळेच तो परीक्षणाचा विषय होण्यास योग्य ठरतो. प्रस्तुत लेखात ‘दैनंदिन जीवनातील संयम’ ह्या एकाच विषयावरील उत्तरांचा विचार केला आहे. कारण ह्या विषयात नमुना उत्तराचे गुणदोष विशेष स्पष्टपणे दिसतात.

परीक्षेचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे. आयईएल्टीएस ह्या नावाने १९८९ पासून चालत आलेल्या परीक्षेत संभाषणाची चाचणी ११ ते १४ मिनिटे चालते. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात परिचित विषयांवरील छोटे प्रश्न येतात. दुसऱ्यात एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे असते. तिसऱ्यात त्याच विषयाची व्यापक चर्चा होते. परीक्षक चार अंगांनी गुण देतो : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा विस्तार व अचूकता, आणि उच्चार. चारही अंगांना समान वजन असते. परीक्षार्थी संयमी आहे की उतावळा, ह्याला गुण नाहीत. गुण आहेत ते भाषेला. ह्याच तरतुदीचा आधार घेऊन नमुना उत्तराचे समर्थन केले जाते. आशयाला गुण नसतील, तर आशय उसना घेण्यास हरकत कोणती, असा त्या पक्षाचा युक्तिवाद आहे. तो कितपत टिकतो ते पाहू.

२

‘तुम्ही संयमी आहात काय?’ ह्या प्रश्नाचे नमुना उत्तर साधारणतः पुढील घाटाचे असते : ‘येस, आय वुड से आय ॲम क्वाइट अ पेशंट पर्सन. ॲज दे से, पेशन्स इज अ व्हर्च्यू. इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड, इट इज इंपॉर्टंट टु स्टे काम. फॉर इन्स्टन्स, व्हेन आय ॲम स्टक इन ट्रॅफिक, आय नेव्हर लूज माय कूल.’

व्याकरणाच्या दृष्टीने ह्यात दोष काढता येणार नाही, आणि नेमकी तीच ह्या उत्तराची अडचण आहे. ह्यातील ‘मी’ कोणीही असू शकतो. त्याला घर नाही, वय नाही, कामाची वेळ नाही. म्हण त्याची नव्हे, ‘आजचे वेगवान जग’ ही ओळ त्याची नव्हे, आणि रहदारीत अडकण्याचा प्रसंगही बहुधा त्याचा नव्हे. मुलुंडहून रोज लोकलने जाणाऱ्या मुलीने गाडीच्या चाकामागे बसलेल्या गृहस्थाचा अनुभव सांगावा, असा हा प्रकार आहे. परीक्षकाने पुढचा साधा प्रश्न विचारला, ‘असे शेवटचे केव्हा झाले?’, की उत्तराचा डोलारा कोसळतो. आतापर्यंत निर्दोष वाहणारे इंग्रजी एकदम अडखळू लागते. पाठ केलेला भाग व बोललेला भाग ह्यांमधील ही फट अनुभवी कानापासून लपत नाही, आणि फट एकदा दिसली की पहिल्या चार वाक्यांचे तेजही संशयास्पद होते.

म्हणजे आशयाला स्वतंत्र गुण नसले, तरी शब्दसंपत्ती आणि सुसंगती ही दोन्ही अंगे आशयातूनच पोसली जातात. ज्याला सांगावयाचे काही नाही, त्याला शब्द निवडण्याची गरजही पडत नाही.

३

ह्या विषयात मराठी परीक्षार्थ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्याच्या मातृभाषेकडे पाहिले तरी कळून येईल. इंग्रजीतील ‘पेशन्स’ ह्या एका शब्दाच्या जागी मराठीत निदान पाच शब्द उभे आहेत : धीर, संयम, सबुरी, सोशिकता आणि चिकाटी. ‘संयम’ म्हणजे स्वतःस आवरणे. त्यात मनोनिग्रहाचा अर्थ आहे. ‘सबुरी’ अरबी ‘सब्र’वरून फारसीमार्गे आली, आणि शिर्डीच्या वचनामुळे श्रद्धेच्या जोडीने घरोघर पोहोचली; तिच्यात काळावर भरवसा टाकून थांबणे आहे. ‘सोशिकता’ म्हणजे दुसऱ्याने दिलेला त्रास मुकाट्याने सहन करणे. ‘चिकाटी’त थांबणे नाहीच, उलट न थांबणे आहे. इंग्रजी शब्दाचे मूळ ‘सोसणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, आणि रुग्णासाठी आपण सर्रास वापरतो तो ‘पेशंट’ शब्दही त्याच मुळाचा आहे. अर्थात मूळच्या इंग्रजी कल्पनेला सर्वांत जवळचा शब्द सोशिकता हा ठरतो. पण परीक्षार्थी मनात योजतो तो ‘धीर’ किंवा ‘संयम’.

‘धीर’ हा शब्द तर विशेष सावधगिरीने हाताळला पाहिजे. धीर धरता येतो, सुटतो, खचतो, आणि दुसऱ्यास देताही येतो. ‘धीर धरणे’ हे ‘पेशन्स’जवळ जाते, परंतु ‘धीर देणे’ हे दिलासा देणे आहे आणि ‘धीर खचणे’ म्हणजे हिंमत हरणे. म्हणून ‘आईने मला धीर दिला’ ह्याचे ‘माय मदर गेव्ह मी पेशन्स’ असे रूपांतर झाले, की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. तेथे ‘शी रीअशुअर्ड मी’ असे हवे. त्याचप्रमाणे चिकाटीच्या जागी ‘पर्सिव्हिअरन्स’, संयमाच्या जागी ‘सेल्फ-कंट्रोल’, सोसण्याच्या जागी ‘पुट अप विथ’ असे शब्द येतात. सोशिकतेला नेमका शब्द न सुचल्यास ती दोन वाक्यांत समजावून सांगावी. अडलेला शब्द वळसा घालून सांगण्याचे कौशल्य परीक्षेच्या निकषांत शब्दसंपत्तीचाच भाग मानलेले आहे. ‘आमच्या भाषेत ह्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, आणि माझ्यात त्यांपैकी एकच आहे’ अशी सुरुवात करणारा परीक्षार्थी कोणत्याही म्हणीहून अधिक इंग्रजी दाखवतो.

४

व्याकरणातही हा विषय एका विशिष्ट ठिकाणी कसोटी पाहतो. थांबण्याविषयी बोलावयाचे म्हणजे अजून न संपलेल्या काळाविषयी बोलावयाचे. मराठीत ‘दोन वाजल्यापासून’ आणि ‘दोन तासांपासून’ ह्या दोन्ही ठिकाणी एकच ‘पासून’ चालतो, आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळात राहते : ‘मी दोन तासांपासून उभा आहे.’ ह्यातूनच ‘आय ॲम स्टँडिंग सिन्स टू अवर्स’ हे आपल्या उपनगरांत सर्वत्र ऐकू येणारे वाक्य जन्मते. इंग्रजीला काळाचा आरंभबिंदू आणि काळाची लांबी वेगवेगळी दाखवावी लागते. पहिल्यास ‘सिन्स’, दुसऱ्यास ‘फॉर’. शिवाय क्रियापदही ‘हॅव बीन स्टँडिंग’ असे बदलते. संयमावरील उत्तरात हा काळ टाळून चालणार नाही. नमुना उत्तर त्याला बगल देते. कारण त्यात कोणी खरोखर थांबलेलेच नसते.

उच्चाराविषयी थोडेसे. ‘पेशन्स’मधील आरंभीचा ‘प’ इंग्रज बोलणारा किंचित श्वास सोडून उच्चारतो. आपला ‘प’ पूर्ण अल्पप्राण असल्यामुळे परक्या कानास तो क्वचित ‘ब’सारखा वाटतो. त्यापुढील स्वरही सरळ ‘ए’ नसून ‘एइ’ असा सरकता आहे. एवढे दोन फरक साधले तरी पुरे. परकी ढब आणण्याचा अट्टहास नको. निकष ऐकणाऱ्यास समजण्याचा आहे, उच्चाराचा मुलूख लपवण्याचा नाही.

५

आता उत्तर सुधारावयाचे म्हणजे काय करावयाचे? अधिक भारी शब्द घालणे हा रूढ उपाय आहे. आमच्या मते क्रम उलटा हवा : कोणता संयम ते आधी ठरवावे, मग एक प्रसंग घ्यावा, आणि अखेरीस त्याची मर्यादा सांगावी. मुलुंडच्या त्याच काल्पनिक मुलीचे उत्तर पुढीलप्रमाणे होऊ शकेल : ‘इट डिपेंड्स. ऑन द ट्रेन आय ॲम व्हेरी पेशंट. आय कॅन सिट ऑन हाफ अ सीट ऑल द वे टु दादर, बिकॉज समबडी हॅज मूव्ह्ड अप टु मेक रूम फॉर मी. बट व्हेन माय ब्रदर आस्क्स मी द सेम क्वेश्चन थ्री टाइम्स, आय स्नॅप ॲट हिम.’ म्हणजे : प्रसंगावर अवलंबून आहे, गाडीत कोणी सरकून जागा दिलेली असल्याने अर्ध्या आसनावर मी दादरपर्यंत बसू शकते, पण भावाने तोच प्रश्न तीनदा विचारला की मी खेकसते.

हे उत्तर काही अलंकृत नाही. तरीही त्यात कार्यकारण आहे, विरोध आहे, ‘मेक रूम’ व ‘स्नॅप ॲट’ असे बोलीतील प्रयोग स्वाभाविकपणे आले आहेत, आणि पुढच्या प्रश्नाला सामग्री शिल्लक आहे. ‘अर्धे आसन म्हणजे काय?’ असे परीक्षकाने विचारले, तर तिघांच्या बाकावरील ‘चौथी सीट’ समजावून देण्यात दोन मिनिटे सहज जातील. विरार गाडीत बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याने दाराकडे केव्हा सरकावे, बसलेल्यास ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा कशी सांगून ठेवावी, घाटकोपरला जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यावर अंधेरीकडे जाण्याचा कोणता खोळंबा टळला आणि जिन्यावर कोणती नवी गर्दी वाट्याला आली, ही सर्व संयमाची उदाहरणे आहेत. ती परीक्षार्थ्याला पाठ करावी लागत नाहीत.

६

तिसऱ्या भागातील चर्चेत प्रश्न व्यापक होतो : ‘पूर्वीच्या मानाने लोक उतावळे झाले आहेत काय?’ नमुना उत्तर म्हणते, होय, मोबाइलमुळे. येथे भाषेबरोबर विचारही उसना येतो. १९९०च्या दशकापूर्वी आपल्याकडे दूरध्वनीच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, गॅसच्या जोडणीसाठीही थांबावे लागे. ती पिढी संयमी होती, की तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता? आज तिकीट मोबाइलवर निघते, खिडकीपुढील रांग टळते. पण जुनी इमारत पुनर्विकासाला दिल्यावर नव्या घराची किल्ली हाती येईपर्यंत भाड्याच्या जागेत वाट पाहणारी कुटुंबे घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आढळतात. हा गुण म्हणावा की नाइलाज? आपल्या भाषेत ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आहे, तसे ‘थांबला तो संपला’ असेही आपण म्हणतो. संयम सर्व ठिकाणी सद्गुण आहे, असे मराठी माणसाने कधीच मानलेले नाही. मग इंग्रजी बोलू लागताच त्याने ते का मानावे? ‘सोसण्याची अपेक्षा घरात सुनेकडून आणि गाडीत उभ्या प्रवाशाकडूनच अधिक केली जाते’ एवढे सांगू शकणारी मुलगी, तिच्या एका-दोन क्रियापदांत चूक झाली तरी, त्या चर्चेत खरोखर भाग घेते.

७

शिकवणी वर्गांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते; तरीही इंग्रजी वाचता येणे आणि अनोळखी माणसासमोर बोलता येणे ह्यांत अंतर राहतेच. महिनाभरात परीक्षेस बसणाऱ्या, बोलण्याची सवय नसलेल्या मुलास चार वाक्ये तोंडपाठ असल्याने जीभ सैल होते, हे नाकारता येत नाही. शिक्षकापुढे वेळ थोडा असतो आणि मुलाच्या घरी खर्चाचा हिशेब चालू असतो. अर्ध्या बँडने प्रवेश हुकतो, हेही खरे. म्हणून पाठांतर सर्वस्वी त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. जोडशब्द, वाक्यारंभ, काळाची रूपे अवश्य घोकावीत. विरोध आहे तो संपूर्ण उत्तर, त्यातील माणसासकट, उसने घेण्याला.

ह्यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. वर्षभर नमुना उत्तरे घोकणाऱ्या मुलाच्या मनावर एक गोष्ट नकळत ठसते, की इंग्रजीत सांगण्याजोगे जीवन अन्यत्र कोठे तरी चालते, आणि त्याच्या स्वतःच्या फलाटावर, चाळीत किंवा सोसायटीत घडते ते त्या भाषेच्या योग्यतेचे नाही. परदेशी गेल्यावर त्याला ह्याच इंग्रजीत रोग्याशी, शेजाऱ्याशी, वरिष्ठाशी बोलावयाचे आहे. तेथे कोणी नमुना उत्तर पुरवणार नाही.

महाविद्यालयांतील इंग्रजी व मराठी विभागांनी ह्या कामी एकत्र यावे, अशी सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांनी धीर, संयम, सबुरी, सोशिकता व चिकाटी ह्यांपैकी प्रत्येकाचा एक खरा प्रसंग आधी मराठीत सांगावा, मग तोच इंग्रजीत, आणि दोन्हींमधील अडलेल्या जागा टिपून ठेवाव्यात. अशा टिपणांचा संग्रह झाल्यास ‘पासून’सारख्या आणखी किती ठिकाणी मराठीची घडण इंग्रजीत उतरते ते दिसून येईल, आणि वर्गात कोणत्या गोष्टीवर वेळ द्यावयाचा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.