उस्मानाबाद येथील तपासणीप्रयोग : एक पुनर्विचार

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासंबंधी आपल्या देशात जे संशोधन झाले, त्यात उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील प्रयोगाचे स्थान अग्रभागी आहे. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हापासून, साधनांची वाण असलेल्या देशांत काय करावे हा प्रश्न निघाला की या निबंधाचा हवाला दिला जातो. तो निबंध नेमके काय सिद्ध करतो आणि काय करीत नाही, याची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम प्रयोगाची मांडणी पाहू. १९९९ साली त्याचा आरंभ झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ ग्रामसमूहांतून घेऊन त्यांचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटाची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी चाचणी झाली. दुसऱ्याची पॅप चाचणी, म्हणजे पेशींची तपासणी झाली. तिसऱ्याचे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी दृष्टिपरीक्षण झाले. चौथा गट तुलनेसाठी होता. प्रत्येक तपासणी एकदाच झाली. पुढील आठ वर्षांत या रोगाने विषाणू-चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ आणि तुलनागटातील ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. पेशी-तपासणीच्या गटात ५४ आणि दृष्टिपरीक्षणाच्या गटात ५६ मृत्यू झाले. तुलनागटाशी त्यांचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरला नाही.

यावरून सामान्यतः असे अनुमान काढले जाते की, विषाणू-चाचणी तेवढी उपयुक्त आणि दृष्टिपरीक्षण निरुपयोगी. हे अनुमान घाईचे आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी १९९८ पासून जो प्रयोग केला, त्यात हेच दृष्टिपरीक्षण प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत करविण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे दोन्ही प्रयोगांत पद्धत एक, पण फळ वेगळे. स्थळ, काळ आणि वयोगट यांचे अंतर मान्य करूनही एक भेद डोळ्यांत भरतो : उस्मानाबादेत तपासणी एकदा झाली, मुंबईत पुनःपुन्हा झाली.

तेव्हा उस्मानाबादचा निबंध ‘कोणती चाचणी श्रेष्ठ?’ या प्रश्नाचे उत्तर देतो असे म्हणण्यापेक्षा, ‘स्त्री एकदाच येऊ शकत असेल, तर कोणती चाचणी करावी?’ या प्रश्नाचे उत्तर देतो असे म्हणणे अधिक युक्त होय. चाचणीत दोष न आढळलेल्या स्त्रियांची आकडेवारी हेच दर्शविते. त्यांच्यात पुढे रोग उद्भवण्याचे प्रमाण दर लाख व्यक्तिवर्षांमागे विषाणू-चाचणीच्या गटात ३.७, तर पेशी-तपासणी व दृष्टिपरीक्षण यांच्या गटांत अनुक्रमे १५.५ व १६.० होते. मजुरी बुडवून, घरच्यांची संमती मिळवून आलेल्या स्त्रीला ‘आता काही वर्षे निर्धास्त राहा’ असे सांगण्याचा अधिकार पहिल्या चाचणीलाच अधिक पोहोचतो.

परंतु हे ‘एकदाच’ सर्वांच्या वाट्यास येत नाही. चाचणी झालेल्या स्त्रियांपैकी १०.३ टक्क्यांत विषाणू आढळला. त्यांना पुन्हा यावे लागले, दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी लागली आणि आवश्यक तेथे उपचार घ्यावे लागले. या सर्वांमागे बार्शी येथील कर्करोग रुग्णालय उभे होते. निबंधाच्या शीर्षकात चाचणीचे नाव आहे. रुग्णालयाचे व दारोदार गेलेल्या कार्यकर्त्यांचे कार्य पद्धतीच्या परिच्छेदांत सामावले आहे. ज्या तालुक्यात असे रुग्णालय नाही, तेथे केवळ चाचणी नेणे म्हणजे भीतीचे वाटप करणे होय.

आता तुलनागटाचा प्रश्न. या गटास ‘नेहमीची सेवा’ उपलब्ध होती असे म्हटले जाते. जेथे तपासणीची नेहमीची सेवाच जवळजवळ नव्हती, तेथे या शब्दांना अर्थ किती? या कारणास्तव भारतातील अशा प्रयोगांवर नैतिक आक्षेप घेतले गेले. तुलनेविना मृत्यूंतील अंतर इतक्या निश्चितपणे कळले नसते, हा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. तथापि तो एका अटीवर टिकतो : मिळालेले ज्ञान ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्यापर्यंत त्वरेने परत गेले पाहिजे.

ही अट पाळली गेली काय? २०१६ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक आराखड्यात दर पाच वर्षांनी दृष्टिपरीक्षण सुचविले गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम २ टक्क्यांनीच कधी काळी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. म्हणजे पद्धत मुंबईची, पण तिची पुनरावृत्ती नाही. प्रसंग उस्मानाबादचा, पण तेथील यशस्वी चाचणी नाही. दोन प्रयोगांतून नेमके उणे तेवढे उचलावे, तसे हे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणू-चाचणीस प्रथम पसंती दिली आणि स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही ग्राह्य मानला. त्यामुळे संकोचाची एक मोठी अडचण दूर होऊ शकते.

लसीच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. २०१० साली आंध्र प्रदेश व गुजरात येथील लसीकरण-प्रकल्प थांबविले गेले. काही मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या, हा तेथील गंभीर दोष ठरला. त्याच वेळी थांबलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली होती; आणि ती एक मात्राही दीर्घकाळ संरक्षण देते, असे २०२१ साली दिसून आले. एका मात्रेने काम सोपे झाले खरे. परंतु संमती मात्र सोपी करता येत नाही.

उस्मानाबादच्या निबंधाचे मोल या छाननीने उणावत नाही. एका भेटीत काय साधता येते, हे त्याने निःसंशय दाखविले. परंतु तुलनागटातील ते ६४ मृत्यू केवळ कोष्टकातील आकडा नव्हेत. ते एक ऋण आहे, आणि २००९ पासून ते थकलेले आहे.