टाळ्या कोणासाठी?

आमच्या महाविद्यालयातील मुले चित्रपटांवर तावातावाने भांडतात. कोणता नट थोर, कोणता गुन्हेगारीपट उगाच डोक्यावर घेतला, हा वाद संपत नाही. गुन्हेगारीपट गंभीर आणि विनोदीपट हलका, हे मात्र सर्वांना मान्य असते. मला ते मान्य नाही.

यश चोप्रांचा ‘दीवार’ (१९७५) घ्या. गोदीत हप्ता नाकारणारा एक हमाल मरतो. विजय गुंडांना एकटा झोडपतो आणि पुढे तस्करांना जाऊन मिळतो. माझे वडील गोदीत ओझी वाहत. त्या मारामारीला त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. अमिताभ बच्चनच्या अभिनयाचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. पण विजय मोठा होतो आणि बाकीचे हमाल कथेतून नाहीसे होतात. समूहाचा संताप एका नायकाच्या पदरात टाकला, की प्रस्थापित व्यवस्थेला धोका उरत नाही.

कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) प्रेत पळवून हसवतो. शेवटी बिल्डर, अधिकारी आणि संपादिका आपसांत समेट करतात आणि तुरुंगाचे कपडे दोन निरपराध छायाचित्रकारांच्या अंगावर चढतात. येथे तारणहार नाही, म्हणून व्यवस्था उघडी पडते. तरीही कोसळलेला पूल ज्यांनी बांधला, त्या मजुरांना येथेही नाव नाही.

तेव्हा मुलांनो, नट जरूर मोजा. पण ओझे वाहणारा माणूस कथेतून कुठे गेला, हेही विचारा.