गेरासिमचे एकवचन

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेतील गेरासिम हा तरुण नोकर समीक्षेत बहुधा निष्पाप ग्रामजीवनाचे प्रतीक म्हणून येतो. हे वाचन अगदीच निराधार नव्हे. परंतु त्यात त्याच्या शुश्रूषेचे स्वरूप हरवते.

डॉक्टरांपुढे प्रश्न असतो तो दुखणे मूत्रपिंडाचे की आंत्रपुच्छाचे, एवढाच. आपले दुखणे जिवावरचे आहे काय, हा रोग्याचा प्रश्न त्यांच्या परिभाषेत बसतच नाही. इव्हान इलिच स्वतः न्यायाधीश. आरोपींशी आपणही याच थाटात वागत आलो, हे त्याला तेथे उमगते. घरची माणसे तर तो केवळ आजारी असल्याचे सोंग नेटाने चालवितात. गेरासिम मात्र मरण लपवीत नाही. पाय उंच धरले की कळ कमी होते असे रोग्याला वाटते, म्हणून तो रात्ररात्र ते खांद्यांवर घेऊन बसतो. पत्नी हा प्रकार डॉक्टरांच्या कानी घालते, तेव्हा ते काहीशा लडिवाळ तुच्छतेने हसतात. उपचार आणि शुश्रूषा यांतील अंतर दाखविण्यास हे एक हास्य पुरेसे आहे.

येथेच भाषेचा एक सूक्ष्म पालट आढळतो. धन्याशी आदरार्थी बहुवचनात बोलणारा गेरासिम मधूनच एकवचनावर येतो, आणि टॉलस्टॉय तो पालट निवेदनात मुद्दाम नोंदवितो. इंग्रजीत सर्वनामांचा हा भेद उरलेला नाही. तेथे अनुवादकाला सलगीसूचक शब्दावर भागवावे लागते. आईला आणि विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठीला ती अडचण नाही. मात्र नोकराच्या तोंडी ‘तू’ उद्धट दिसेल या भयाने अनुवादकाने ‘तुम्ही’च कायम ठेवले, तर प्रसंगाचा गाभाच जाईल. त्या एकवचनापुढे हुद्दा उरत नाही. उरतो तो दुखणाईत माणूस.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाचे दुःख शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा सर्व अंगांनी पाहावे, या अर्थाची ‘समग्र वेदना’ ही त्यांची संज्ञा. गेरासिमपाशी अशी संज्ञा नाही. रोगी काय मागतो एवढेच तो ऐकतो.

तथापि त्याची सेवा मृत्यूचे कोडे सोडवीत नाही. अखेरचे तीन दिवस इव्हान इलिच अखंड किंचाळत असतो. त्याचा हात शाळकरी मुलाच्या मस्तकावर पडतो, मुलगा तो ओठांशी नेऊन रडू लागतो, आणि तेथून सुटकेला आरंभ होतो. त्या क्षणाच्या वर्णनात गेरासिमचा उल्लेखही नाही. त्याला उद्धाराचे प्रतीक मानणाऱ्या समीक्षेने या अनुपस्थितीची दखल घ्यावयास हवी होती.